डोकेदुखी, पक्षाघात आणि सायटेशनचा हिशेब

मुंबईतील एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी काम करते. पुस्तके आणि नियतकालिके सांभाळण्याबरोबरच आता आणखी एक काम आमच्या वाट्याला येते, ते म्हणजे अध्यापक डॉक्टरांच्या शोधनिबंधांची आणि त्या निबंधांना मिळालेल्या सायटेशनची, म्हणजे इतरांनी आपल्या लेखनात त्यांचा किती वेळा हवाला दिला याची, मोजदाद. बढतीची मुलाखत असो, संशोधनाच्या अनुदानासाठीचा अर्ज असो किंवा एखाद्या पुरस्कारासाठी नाव पाठवायचे असो, कार्यालयाकडून एक ठरलेला तक्ता येतो आणि त्यात एकूण शोधनिबंध, एकूण सायटेशन आणि एच-इंडेक्स असे तीन रकाने भरून मागितले जातात. अलीकडे एका ज्येष्ठ न्यूरॉलॉजिस्टांचा असा अहवाल माझ्याकडे आला. त्यांचे निम्मे काम डोकेदुखीवर, त्यातही मायग्रेनवर आहे आणि निम्मे पक्षाघातावर. तक्ता भरून झाल्यावरही माझे समाधान झाले नाही आणि मी त्याला चार पानांची पुरवणी जोडली. ती का जोडावीशी वाटली, ते येथे सविस्तर लिहीत आहे, कारण हा प्रश्न एका डॉक्टरपुरता नाही. डोकेदुखीवरचे संशोधन आणि पक्षाघातावरचे संशोधन एकाच आकड्यात मिसळले की दोन्हींचे खरे मोल झाकले जाते आणि त्यात बहुधा डोकेदुखीवरच्या कामावर अन्याय होतो, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

आधी आकड्याविषयी. एच-इंडेक्सची कल्पना कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये मांडली. एखाद्याचे २० निबंध प्रत्येकी किमान २० वेळा उद्धृत झाले असतील, पण प्रत्येकी २१ सायटेशन असलेले २१ निबंध नसतील, तर त्याचा एच-इंडेक्स २० होतो. मोजायला सोपा असल्यामुळे तो झपाट्याने रूढ झाला. परंतु या वीस निबंधांपैकी एकाला २० सायटेशन आहेत की २,०००, हे त्या आकड्यावरून कळत नाही. निबंधात लेखक पहिला होता की दोनशेवा, तेही कळत नाही. आणि हा आकडा वयाबरोबर वाढतच जातो, कमी कधीच होत नाही. सायटेशनची पद्धतशीर सूची करण्याची कल्पना यूजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये मांडली होती आणि १९६४ मध्ये त्यांची ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ प्रसिद्ध झाली. एखादी कल्पना पुढे कुणी उचलली, कुणी खोडून काढली, याचा माग वाचकाला घेता यावा, हा तिचा मूळ हेतू होता. ग्रंथालयात काम करणाऱ्या माणसाला हा हेतू फार जवळचा वाटतो आणि म्हणूनच त्याच सूचीचा उपयोग केवळ माणसांची क्रमवारी लावण्यासाठी होऊ लागला की खेद होतो.

सायटेशन मोजणाऱ्या तीन संकेतस्थळांवर पाहिले तर तीन आकडे मिळतात, हेही कार्यालयाला दर वेळी समजावून सांगावे लागते. गूगल स्कॉलर प्रबंध, परिषदांतील टिपणे, प्रसिद्धीपूर्व मसुदे असे सगळे मोजते, म्हणून तेथील आकडा सर्वांत मोठा असतो. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स प्रामुख्याने निवडक नियतकालिके मोजतात. अहवालात आकडा कोठून आणि कोणत्या तारखेला घेतला, हे लिहिलेले नसेल तर दोन उमेदवारांची तुलना करताच येत नाही.

याहून वेळखाऊ भाग नावांचा असतो. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव अशी तीन पदे असतात आणि प्रत्येक नियतकालिक ती आपापल्या पद्धतीने छापते. एकाच डॉक्टरचे नाव कुठे एका आद्याक्षराने येते, कुठे दोन आद्याक्षरांनी, कुठे आडनाव आधी आणि कुठे मधलेच नाव आडनाव समजून. लग्नानंतर आडनाव बदललेल्या डॉक्टर स्त्रियांच्या बाबतीत तर उमेदीच्या काळातले निबंध एका नावावर आणि नंतरचे दुसऱ्याच नावावर नोंदलेले असतात. दोन्ही मिळून जो एच-इंडेक्स व्हायला हवा तो दोन ठिकाणी तुटून लहान दिसतो. या अहवालासाठी मी स्कोपसवरील नोंद उघडली तेव्हा मायग्रेन आणि मेंदूच्या शिरांमधील गुठळ्यांवरच्या निबंधांच्या मधोमध उसावरील बुरशीजन्य रोगाचा एक निबंध होता, कारण तेच आडनाव आणि तीच आद्याक्षरे असलेले एक वनस्पतिशास्त्रज्ञ महाराष्ट्रातच काम करतात. अशा वेळी प्रत्येक निबंधावरचा पत्ता, सहलेखक आणि विषय ताडून पाहण्यावाचून दुसरा मार्ग नसतो. २०१२ पासून ऑर्किड हा संशोधकाचा सोळा अंकी ओळखक्रमांक विनामूल्य मिळतो. निवासी डॉक्टरांनी आपला पहिला निबंध पाठवण्यापूर्वीच तो घ्यावा आणि आपले नाव पुढे कायम एकाच पद्धतीने लिहावे, असे मी त्यांना आवर्जून सांगते.

आता मूळ विषयाकडे येते. पक्षाघातावरील निबंधांना सायटेशन भराभर आणि मोठ्या संख्येने मिळतात, याची कारणे त्या शाखेच्या जडणघडणीत आहेत. पक्षाघात ही तातडीची घटना असते, ती सीटी स्कॅनवर किंवा एमआरआयवर दिसते आणि तीन महिन्यांनी रुग्ण चालतो की नाही हे मोजता येते; त्यामुळे मोठ्या चाचण्या आखणे शक्य होते. १९९५ मध्ये अमेरिकेतील राष्ट्रीय संस्थेच्या चाचणीने ६२४ रुग्णांमध्ये दाखवून दिले की, लक्षणे सुरू झाल्यापासून तीन तासांच्या आत गुठळी विरघळवणारे औषध दिल्यास अपंगत्व कमी होते. २००८ मध्ये एका युरोपीय चाचणीने ही मुदत साडेचार तासांपर्यंत नेली. २०१५ मध्ये नेदरलँड्समधील ५०० रुग्णांच्या चाचणीने धमनीतील गुठळी कॅथेटरने काढण्याचा उपयोग सिद्ध केला आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांमुळे निवडक रुग्णांमध्ये अशी गुठळी काढण्याची मुदत २४ तासांपर्यंत गेली. यांतील प्रत्येक पायरीनंतर जगभरच्या मार्गदर्शक सूचना नव्याने लिहिल्या गेल्या आणि त्या सूचनांवर पुढचे शेकडो निबंध आधारले गेले. त्याखेरीज काही निबंध साधन म्हणून उद्धृत होतात. पक्षाघाताचे कारणानुसार पाच गट पाडणारी ‘टोस्ट’ ही वर्गवारी १९९३ मध्ये आली आणि आजही ज्याला आपल्या रुग्णांची विभागणी सांगायची असते तो तिचा हवाला देतो, मग त्याचा मूळ विषय काहीही असो.

या शाखेत लेखकांची संख्याही मोठी असते. जागतिक आजारभार अभ्यासाच्या निबंधांवर शेकडो सहकाऱ्यांची नावे असतात आणि त्यांना मिळणारी हजारो सायटेशन प्रत्येकाच्या नावावर पूर्णच्या पूर्ण जमा होतात. असे काम कमी दर्जाचे आहे, असे मला मुळीच म्हणायचे नाही. इतक्या देशांतील माहिती एकत्र करणे हे सामूहिकच काम आहे. पण अशा दोन-तीन निबंधांमुळे एका डॉक्टरच्या नावावर पाच आकडी सायटेशन जमतात आणि शेजारच्या खोलीत बसणाऱ्या, स्वतः रुग्ण तपासून, स्वतः तक्ते भरून पहिला लेखक म्हणून लिहिणाऱ्या डॉक्टरच्या नावावर काहीशेच, हे मुलाखत घेणाऱ्या समितीला स्पष्टपणे दिसले पाहिजे. भारतीय वैद्यक परिषदेने २०१५ मध्ये बढतीसाठी फक्त पहिल्या दोन लेखकांना श्रेय देण्याचे ठरवले, तेव्हा दुसरेच टोक गाठले गेले, कारण वर्षानुवर्षे एखादा अभ्यास उभा करणारा ज्येष्ठ संशोधक बहुधा शेवटचा लेखक असतो. जॉन आयोनिडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या, दरवर्षी वर्तमानपत्रांत गाजणाऱ्या ‘दोन टक्के शास्त्रज्ञां’च्या यादीत एकट्याने, पहिल्या आणि शेवटच्या स्थानावर लिहिलेल्या निबंधांची सायटेशन वेगळी मोजली जातात, बातमीत मात्र हा भाग सहसा येत नाही.

मोठी चाचणी म्हटली की तिने काही तरी सिद्ध केलेच असेल, असा समज असतो. भारतातील १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर झालेली ‘अटेंड’ ही चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. पक्षाघातानंतर घरच्या माणसांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून व्यायाम करून घेतल्यास रुग्ण अधिक सुधारतो का, हा तिचा प्रश्न होता आणि उत्तर नकारार्थी आले. ज्या शहरात फिजिओथेरपीसाठी रुग्णाला विरारहून किंवा बदलापूरहून लोकलने आणावे लागते, तेथे हा प्रश्न किती महत्त्वाचा आहे हे सांगायला नको. आणि नकारार्थी उत्तरामुळे पैसा व श्रम वेगळ्या उपायाकडे वळवता येतात, म्हणून ते उत्तर मला होकारार्थी उत्तराइतकेच मोलाचे वाटते.

डोकेदुखीची शाखा या सगळ्याच्या उलट वाढली. मायग्रेन स्कॅनवर दिसत नाही, रक्ताच्या तपासणीत सापडत नाही. रुग्ण जे सांगतो त्यावर निदान उभे राहते. त्यामुळे एका देशातला मायग्रेन आणि दुसऱ्या देशातला मायग्रेन हा एकच आजार आहे का, हेच आधी ठरवावे लागले. डेन्मार्कचे येस ओलेसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८८ मध्ये डोकेदुखीची पहिली आंतरराष्ट्रीय वर्गवारी प्रसिद्ध केली आणि तिची तिसरी आवृत्ती २०१८ मध्ये ‘सेफॅलाल्जिया’ या नियतकालिकात आली. या शाखेत सर्वाधिक उद्धृत होणाऱ्या लेखनात ही वर्गवारी मोडते आणि ते योग्यच आहे. पण तिच्याखालचे बहुतेक काम लहान वर्तुळात होते. डोकेदुखीला वाहिलेली नियतकालिके थोडी, त्यासाठी मिळणारा पैसा आजाराच्या भाराच्या मानाने तुटपुंजा आणि पूर्ण वेळ हेच काम करणारे डॉक्टर मोजके. बंगळुरू शहरात आणि आसपासच्या गावांत घरोघरी जाऊन केलेल्या पाहणीत जवळपास दर चार प्रौढांमागे एकाला वर्षभरात मायग्रेनचा त्रास झाल्याचे आढळले होते. इतक्या लोकांना होणाऱ्या आजारावर लिहिणारे इतके कमी असतील तर एकमेकांना उद्धृत करणारेही कमीच असणार. स्वतःच्या आधीच्या निबंधाचा हवाला देण्याचे प्रमाण डोकेदुखीच्या संशोधकांत जास्त दिसले, तरी त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते की त्या प्रश्नावर दुसऱ्या कुणी लिहिलेलेच नसते.

शिवाय येथे फळ यायला वेळ लागतो. पीटर गोड्सबी आणि लार्स एडविन्सन यांनी १९९० मध्ये दाखवले की मायग्रेनचा झटका चालू असताना मानेतील शिरेच्या रक्तात सीजीआरपी नावाच्या पेप्टाइडचे प्रमाण वाढलेले असते. त्याची क्रिया रोखणाऱ्या प्रतिपिंडांपैकी पहिल्या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली ती मे २०१८ मध्ये, म्हणजे २८ वर्षांनी. आणि त्या दोघांना ओलेसेन व मायकेल मॉस्कोविट्झ यांच्यासह ब्रेन प्राइझ मिळाले ते २०२१ मध्ये. नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे त्यातील निबंधांना सरासरी किती सायटेशन मिळतात याचा आकडा, आधीच्या दोन वर्षांतील निबंधांपुरता पाहतो. दोन वर्षांच्या खिडकीतून अठ्ठावीस वर्षांचे काम कसे दिसणार?

याहूनही मोठे उदाहरण मी पुरवणीत मुद्दाम दिले, कारण ते दोन्ही शाखांना जोडते. ब्राझीलचे तरुण शरीरक्रियाशास्त्रज्ञ अरिस्तिदेस लेआओ हार्वर्डमध्ये अपस्माराचा अभ्यास करीत असताना त्यांना सशाच्या मेंदूच्या पृष्ठभागावर विद्युतक्रिया मंदावत नेणारी एक लाट मिनिटाला काही मिलिमीटर इतक्या संथ वेगाने सरकताना दिसली. तो निबंध १९४४ चा. त्याआधी तीन वर्षे कार्ल लॅशली यांनी स्वतःच्या मायग्रेनच्या आधी डोळ्यांपुढे येणाऱ्या नागमोडी रेघा कागदावर काढून, त्या मागे मेंदूत मिनिटाला सुमारे तीन मिलिमीटर वेगाने सरकणारी एखादी क्रिया असावी, असा हिशेब मांडला होता. हे दोन आकडे जुळतात, हे १९५८ मध्ये एका छोट्या टिपणात कुणीतरी लिहीपर्यंत ते एकमेकांशेजारी ठेवले गेले नव्हते आणि माणसाच्या मेंदूत ऑरा, म्हणजे मायग्रेनच्या आधीची अशी लक्षणे, चालू असताना तशी लाट एफएमआरआय या मेंदूची क्रिया टिपणाऱ्या स्कॅनवर दिसली ती २००१ मध्ये. त्याच जातीच्या लाटा पक्षाघात झालेल्या मेंदूतही उठतात आणि इजा वाढवतात, हे नंतर रुग्णांच्या मेंदूवर ठेवलेल्या इलेक्ट्रोडांनी दाखवून दिले. लेआओंच्या निबंधाची मोजणी १९५० मध्ये झाली असती, तर त्यावरून त्याच्या भवितव्याचा अंदाज कुणालाही आला नसता.

ज्या डॉक्टरांच्या अहवालाविषयी मी लिहीत आहे, त्यांचे सर्वांत चांगले काम मला या सांध्यावरच सापडले. ऑरा असलेल्या मायग्रेनमध्ये रक्तपुरवठा बंद पडून होणाऱ्या पक्षाघाताचा धोका सुमारे दुप्पट असतो. तरुण स्त्रीच्या बाबतीत तो मुळात फार लहान असल्यामुळे घाबरण्याचे कारण नसते, पण धूम्रपान आणि इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या यांची भर पडली की तो आणखी वाढतो. दुसरीकडे, बाळंतपणानंतर मेंदूच्या शिरेत गुठळी झालेल्या स्त्रीला बहुतेक वेळा सर्वांत आधी डोकेच दुखते आणि घरात त्याचे कारण जागरण किंवा अशक्तपणा मानले जाते. ही बाई मायग्रेनची की पक्षाघाताची, हे बाह्यरुग्ण विभागातील गर्दीत काही मिनिटांत ओळखावे लागते आणि त्या ओळखीला मदत करणारा निबंध भारतातल्या डॉक्टरांनी वाचला तरी उद्धृत होत नाही, कारण वाचणारा डॉक्टर रुग्ण तपासतो, निबंध लिहीत नाही. दोन्ही शाखांच्या सीमेवरचा असा निबंध डोकेदुखीच्या नियतकालिकांतही दुय्यम ठरतो आणि पक्षाघाताच्या नियतकालिकांतही.

मुंबईत झालेल्या कामाची तीन उदाहरणे मी समितीपुढे ठेवली. नादीर भरुचा आणि सहकाऱ्यांनी तेव्हाच्या मुंबईतील पारशी वसाहतींत १४,००० हून अधिक रहिवाशांची घरोघर पाहणी केली आणि पक्षाघाताच्या प्रमाणावरचा त्यांचा निबंध १९८८ मध्ये ‘स्ट्रोक’ या नियतकालिकात आला. प्रफुल्ल दलाल आणि सहकाऱ्यांनी २००५ व २००६ या दोन वर्षांत शहराच्या एका भागातील दीड लाखांहून अधिक लोकसंख्येत पक्षाघाताची नोंद ठेवली. वर्षाला दर लाखामागे सुमारे १४५ नवे रुग्ण आणि त्यांतील जवळपास ३० टक्क्यांचा २८ दिवसांत मृत्यू, हे त्यांचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. या शहरातील पक्षाघाताविषयी कुणी काही लिहायला बसले की त्याला या नोंदींपाशी यावेच लागते. तिसरे उदाहरण डोकेदुखीचे. मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ के. रविशंकर यांनी २००६ मध्ये ‘सेफॅलाल्जिया’त ९४ भारतीय रुग्णांची निरीक्षणे मांडली, ज्यांना डोक्यावरून न्हाल्यानंतर मायग्रेन उठत असे. आपल्याकडच्या कितीतरी स्त्रिया ‘न्हाले की डोके धरते’ असे पिढ्यानपिढ्या सांगत आल्या आहेत, पण ते वैद्यकीय वाङ्मयात नोंदवले जायला मायग्रेनवर रोज काम करणारा आणि रुग्णाचे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेणारा डॉक्टर लागला. हा निबंध पक्षाघातावरच्या मोठ्या चाचणीइतका उद्धृत होणे शक्यच नाही. तो वाचलेल्या डॉक्टरने मात्र रुग्णाला ‘केस धुतल्यावर त्रास होतो का’ हा प्रश्न विचारला, तर त्याच भेटीत एक कारण हाती लागते.

मोजणीच नको, असे मी म्हणत नाही. चांगल्या मोजणीची साधने आता आहेत. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत तयार झालेल्या जाहीरनाम्याने आणि २०१५ च्या लायडन जाहीरनाम्याने हेच सांगितले की नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून व्यक्तीचे मोल ठरवू नये आणि सायटेशनची तुलना त्या त्या विषयाच्या चौकटीत करावी. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या ‘आयसाइट’ या विनामूल्य संकेतस्थळावर पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या सूचीमधील निबंधासाठी एक सापेक्ष गुणोत्तर मिळते, ज्यात त्या निबंधाची तुलना त्याच्याबरोबर उद्धृत होणाऱ्या निबंधांच्या क्षेत्राशी केलेली असते; डोकेदुखीचा निबंध डोकेदुखीच्या परिसरातच तोलला जातो. या डॉक्टरांच्या बाबतीत नुसत्या सायटेशननुसार लावलेल्या यादीत तळाशी असलेले मायग्रेनवरचे काही निबंध या गुणोत्तरानुसार बरेच वर आले आणि शेकडो लेखकांसह लिहिलेला एक निबंध वगळताच एकूण सायटेशनचा डोंगर निम्म्याहून खाली उतरला.

पुरवणीत मी चार गोष्टी मांडल्या: दोन्ही विषयांची वेगवेगळी यादी, प्रत्येक निबंधातील लेखकाचे स्थान, सापेक्ष गुणोत्तर आणि डॉक्टरांनी स्वतः निवडलेले पाच निबंध, प्रत्येकी दोन ओळींच्या टिपणासह. त्या पाचांत त्यांनी आपला सर्वाधिक उद्धृत झालेला निबंध घेतलाच नाही; पहिल्या क्रमांकावर बाळंतिणींच्या डोकेदुखीवरचा निबंध ठेवला. समितीतील एका सदस्याने तो मागवून वाचला आणि मुलाखतीत त्यावरच बराच वेळ प्रश्न विचारले, असे मला नंतर कळले. आता हे चार रकाने मूळ तक्त्यातच घालावेत, म्हणजे पुरवणी जोडणे एखाद्या ग्रंथपालाच्या मर्जीवर राहणार नाही, असा अर्ज मी कार्यालयाकडे केला आहे. त्यासोबत रकाने कसे भरायचे याची दोन पानी कृतीही दिली आहे आणि पुढच्या फेरीतल्या सर्व न्यूरॉलॉजिस्टांच्या अहवालांत ती वापरायला आम्ही ग्रंथालयात सुरुवातही केली आहे.